रस्त्यावरची फांदी

बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की रविवारी गाड्यांची शर्यत बघायला जायचंय. २०१२ चा ऑगस्ट. त्यांना अमेरिकेत येऊन पाच आठवडे झाले होते. नायगारा पाहून झाला होता, न्यूयॉर्क शहर पाहून झालं होतं, आणि उरलेले दिवस ते कॉर्निंगमधल्या आमच्या घराच्या पायरीवर बसून रस्त्यावरून जाणारे ट्रक बघत काढत होते. ३१ वर्षं एसटी चालवलेला माणूस. त्यातली बरीचशी कुंभार्ली घाटात, चिपळूण-कराड रस्त्यावर. इथे गाडी मी चालवायची आणि त्यांनी शेजारी बसायचं, हे त्यांनी मान्य केलं होतं. पण मी ब्रेक लावायच्या जरा आधी त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. दर वेळी.

वॉटकिन्स ग्लेन आमच्यापासून अर्ध्या तासावर. सेनेका तळ्याच्या दक्षिण टोकाला वसलेलं छोटं गाव. गावातच एक अरुंद घळ आहे आणि तिच्यात १९ धबधबे आहेत. आदल्या दिवशी आम्ही ती घळ चढून आलो होतो. बाबा म्हणाले, “आषाढात पोफळीच्या वर गाडी लागली की एवढे खिडकीतनं दिसतात.” आणि मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी पाण्याचा आवाज ऐकला. शर्यतीचा रस्ता या गावाच्या वर, टेकडीवर आहे.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने आम्हाला दोन पास दिले होते, त्यामुळे शर्यत सुरू होण्याआधी गाड्या जवळून बघता आल्या. बाबा पहिल्याच गाडीपाशी थांबले ते हलेनात. वाकून समोरचा भाग बघितला, बोटाने चाचपायला गेले आणि कुणी ओरडेल म्हणून हात मागे घेतला.

“अगो, हिचे दिवे चिकटवलेले आहेत.”

खरंच चिकटवलेले असतात. स्टॉक कारला दिवे नसतात, दिव्यांची चित्रं असतात. स्टॉक म्हणजे दुकानात, शोरूममध्ये तयार मिळणारी गाडी. कोणे एके काळी ही पोरं तशीच गाडी विकत घेऊन पळवायची, ते नाव राहिलं. आता आत पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो, जवळजवळ सहा लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन असतं, आणि बाहेरून ती फोर्ड, टोयोटा, शेवरोले दिसावी म्हणून चेहरा रंगवलेला असतो. दारं नाहीत, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. वेगाचा काटा नाही. तेव्हा इंजिनचे फेरे दाखवणारा काटा असायचा आणि पिटच्या, म्हणजे मध्येच टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेच्या, रस्त्यावरची वेगमर्यादा त्या फेऱ्यांच्या हिशोबाने पाळायची. हे सगळं बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. हॉर्न नाही म्हटल्यावर मात्र ते माझ्याकडे वळले. घाटात दर वळणाला पाटी असते, ‘हॉर्न वाजवा’. वळणापलीकडे कोण आहे ते दिसत नाही, म्हणून आपण आहोत हे त्याला कळवायचं. बाबांच्या हिशोबात ब्रेकनंतर गाडीतली दुसरी महत्त्वाची वस्तू हॉर्न होती.

“मग पुढच्याला कळवायचं कसं?”

“कळवायचं नसतं बाबा. शर्यत आहे.”

ते ‘बरं’ म्हणाले. पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता, हे मला संध्याकाळी समजलं.

स्टॉक कारच्या शर्यती म्हणजे लंबगोल मैदान आणि तासन्‌तास डावीकडे वळणाऱ्या गाड्या, हे चित्र बहुतेकांच्या मनात असतं आणि ते चूक नाही. त्या वर्षी नास्कारच्या, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, मुख्य मालिकेत ३६ शर्यती होत्या. त्यांतल्या फक्त दोन अशा रस्त्यांवर होत्या जिथे उजवी-डावी दोन्हीकडे वळावं लागतं, चढ-उतार येतात, गिअर सतत खालीवर करावे लागतात. एक कॅलिफोर्नियातलं सोनोमा आणि दुसरं हे ग्लेन. लंबगोल मैदानासाठी तेव्हा गाडीचं सगळं अंगच डावीकडे वळण्यासाठी जुळवलेलं असायचं, वजनसुद्धा त्या बाजूला झुकवलेलं. इथे ग्लेनला बहुतेक वळणं उजवी. तेव्हाची गाडी दीड टनाहून जड, ताकद साडेआठशे अश्वशक्तीच्या आसपास आणि टायर त्या मानाने अरुंद. अशा गाडीला अशा रस्त्यावर आणणं म्हणजे पैलवानाला दोरीवर चालायला लावणं आहे. मला ही शर्यत आवडते ती नेमकी याच कारणासाठी. गाडी या कामाची नसते, त्यामुळे माणूस दिसायला लागतो.

आणि तसं पाहिलं तर या गाड्यांचा जन्म असल्याच रस्त्यांवरचा. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही, ॲपलाचियन डोंगरांत चोरून गाळलेली दारू रात्रीच्या रात्री खाली शहरात पोचवणारी पोरं होती. बाहेरून साधी दिसणारी गाडी, आत दुरुस्त करून वाढवलेलं इंजिन, मागे पोलीस आणि समोर घाट. त्यांच्यातल्या काहींनी पुढे रविवारी मैदानांत शर्यती लावल्या. १९४८ च्या फेब्रुवारीत नास्कार ही संस्था रीतसर नोंदली गेली. त्याच वर्षी १ जूनला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला वॉटकिन्स ग्लेनमध्ये पहिली शर्यत झाली. हे मी बाबांना गाडीत सांगितलं होतं. त्यांनी तिन्ही तारखा एकदा पुटपुटून बघितल्या, पाठ करायच्या असल्यासारख्या.

ती पहिली शर्यत टेकडीवर झाली नव्हती. ती गावातून झाली, लोकांच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यांवरून. कॅमेरॉन आर्गेटसिंगर नावाचा कायद्याचा विद्यार्थी होता, त्याला युरोपातल्यासारखी शर्यत आपल्या गावात हवी होती. एक फेरी साडेसहा मैलांहून जास्त. मुख्य बाजारपेठ, दगडी पूल, कच्चा रस्ता, आणि मध्ये चक्क रेल्वेचं फाटक. शर्यत चालू असेपर्यंत गाड्या सोडायच्या नाहीत हे रेल्वेने मान्य केलं, आणि गाव अजून तो दिवस ‘रेल्वे थांबवली तो दिवस’ म्हणून सांगतं. लोक फुटपाथवर उभे राहून बघायचे, हाताच्या अंतरावरून गाड्या जायच्या. १९५२ साली एक गाडी त्या गर्दीला घासली. सात वर्षांचा एक मुलगा गेला. पुढच्या वर्षापासून शर्यत गावातून उठली आणि वर टेकडीकडे गेली, आणि १९५६ साली आजचा खास बांधलेला मार्ग तयार झाला. नास्कारच्या गाड्या इथे पहिल्यांदा १९५७ साली आल्या. १९६१ ते १९८० फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रां प्री इथेच व्हायची. मग पैसे संपले, कुलूप लागलं, आणि काही वर्षांनी कॉर्निंगच्या काच कंपनीने भागीदारीत ते उघडलं. १९८६ पासून स्टॉक कार पुन्हा येऊ लागल्या. त्या सगळ्या इतिहासात माझं मन अडतं ते त्या बाजारपेठेत. ती आजही तशीच आहे, आम्ही तिथे आइस्क्रीम खाल्लं. रस्ता एवढा साधा आहे, की तिथे कुणाचा जीव गेला असेल असं वाटत नाही.

आमची जागा मागच्या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला होती. सुरुवातीच्या रेषेपासून गाड्या उजवीकडे वळतात, मग डोंगर चढणारी नागमोडी वळणं, दोन्ही बाजूंना निळे पत्र्याचे कठडे, कडेला जागाच नाही. मग हा सरळ रस्ता. त्याच्या शेवटी ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढून गाडी आवरायची आणि उजवी-डावी-डावी-उजवी अशी चार झटक्यांची वाट काढून बाहेर पडायचं. त्या जागेचं अधिकृत नाव वेगळं आहे. पण सगळे तिला बस स्टॉप म्हणतात.

“काय म्हणतात?”

“बस स्टॉप.”

बाबांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना या देशात काहीतरी आपलं सापडलं होतं. ‘बस स्टॉप’ म्हणत त्यांनी शेजारच्या अनोळखी गोऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून मान हलवली. त्यानेही मान हलवली. “यस सर, बस स्टॉप.” त्या दोघांचं पुढे दोन तास छान जमलं. भाषा एवढीच.

ही वाट मूळची नाही. १९९१ पर्यंत तो सरळ रस्ता थेट पाचव्या वळणात शिरायचा. त्या वर्षी ११ ऑगस्टला जे. डी. मॅकडफी या ड्रायव्हरच्या गाडीचं चाक नेमकं तिथे निखळलं. गाडी वळलीच नाही, सरळ कठड्यावर गेली आणि ते जागीच गेले. वय ५२. या मालिकेत ६५३ शर्यती धावलेला माणूस, एकही न जिंकलेला. मोठा संघ नाही, मोठा पैसा नाही, स्वतःची गाडी स्वतः बांधायची, ओढत न्यायची आणि पळवायची. त्यांच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षी तिथे ही वेडीवाकडी वाट घातली, गाड्यांना वळणाआधीच हळू करण्यासाठी.

हे मी सांगत होते तेव्हा समोरून अजून एकही गाडी गेली नव्हती, रस्ता रिकामा होता. बाबांनी टोपी काढली आणि त्या दिशेने हात जोडले. आपल्या घाटांत अशा जागी एखादी घुमटी असते, शेंदूर लावलेला दगड असतो, उदबत्तीची राख असते. कुणाची ते नवीन ड्रायव्हरला माहीत नसतं, पण गाडी तिथे हळू होते आणि कंडक्टर खिडकीतून नाणं टाकतो. ६५३ वेळा धावून न जिंकलेल्या माणसाची आठवण म्हणून दर वर्षी सगळे जिंकणारे तिथे ब्रेक दाबतात. मला ही आठवण कुठल्याही पुतळ्याहून मोठी वाटते.

मग ४३ गाड्या आल्या.

पहिल्या फेरीचा आवाज कानांत शिरत नाही, छातीत शिरतो. बाबांनी दोन्ही हात बाकाच्या कडेला घट्ट धरले होते. दहा-बारा फेऱ्या ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्रास होतोय. विचारलं तर म्हणाले, “थांब जरा. ऐकतोय.”

ते गिअर ऐकत होते. आपल्याकडचे ड्रायव्हर ॲक्सिलरेटरला ‘रेस’ म्हणतात. ‘रेस दे’, ‘रेस सोड’, ‘रेसवरचा पाय काढ’. जुन्या बसला घाट उतरताना गिअर खाली घालायचा तर क्लच दाबून, मध्येच रेस देऊन, इंजिनचा वेग वर आणून मग दांडा ढकलावा लागायचा, नाहीतर दात घासायचे. बस स्टॉपला येणारा प्रत्येक ड्रायव्हर तेच करत होता. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि त्याच पायाच्या कडेने रेसला टिचकी, प्रत्येक गिअरला एक. घर्र, घर्र, घर्र अशा तीन पायऱ्या उतरायचा आवाज आणि मग गाडी कडेच्या उंचवट्यावर आपटून उडायची, चाकांखालून उजेड दिसायचा. बाबा डोळे मिटून सांगायला लागले, “हा घाबरतो. हा मोकळा आहे. ह्याचे ब्रेक तापलेत, हा लवकर दाबतोय.” मी समोर बघून पडताळत होते. ज्याला ते मोकळा म्हणायचे तो पुढच्या दहांत असायचा.

आम्ही एक स्कॅनर भाड्याने घेतला होता. त्याच्या हेडफोनवर ड्रायव्हर आणि त्याच्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. वर उंचावर उभा राहून ड्रायव्हरला ‘मागे मोकळं’, ‘उजवीकडे आलाय’ असं सांगणारा माणूस असतो, त्याला स्पॉटर म्हणतात. बाबांनी क्षणभरात नाव ठेवलं, कंडक्टर. एक टोला थांब, दोन टोले चल. पुढे बघायचं काम ड्रायव्हरचं, मागचं बघायचं कंडक्टरचं. हे त्यांना पटलं. हॉर्न नसला तरी कुणीतरी सांगणारा आहे म्हणून त्यांना बरं वाटलं असावं.

त्यांना आवडलेला ड्रायव्हर माझाही आवडता होता, मार्कोस ॲम्ब्रोज. मूळ टास्मानियाचा. ऑस्ट्रेलियातल्या रस्त्यांवरच्या शर्यतींत २००३ आणि २००४ असा दोनदा विजेता, मग सगळं सोडून अमेरिकेत आला आणि गोल गोल फिरायला शिकला. तसल्या मैदानांवर त्याला या मालिकेत कधी जिंकता आलं नाही. पण गाडी उजवीकडे वळायला लागली की तो वेगळाच माणूस असायचा. आदल्या वर्षी, २०११ ला, तो इथेच जिंकला होता. आणि त्याच्या आदल्या वर्षी सोनोमाला हातात आलेली शर्यत त्याने अशी घालवली होती की ती गोष्ट मला बाबांना सांगितल्यावाचून राहवलं नाही. तो पहिला होता, मोजक्याच फेऱ्या उरल्या होत्या, धोक्याचं पिवळं निशाण लागून सगळे पेस कारच्या, म्हणजे वेग ठरवणाऱ्या पुढच्या गाडीच्या, मागे हळू चालले होते. इंधन वाचवावं म्हणून त्याने इंजिन बंद केलं. पुढे चढ होता. गाडी चढावर मंदावली, थांबली, इंजिन वेळेवर सुरू होईना, आणि सहा गाड्या बाजूने निघून गेल्या. ठरलेला वेग राखला नाही म्हणून त्याला पहिली जागा परत मिळाली नाही. सहावा आला.

बाबा हळहळले. घाटात गाडी न्यूट्रल करायची नाही आणि इंजिन बंद करायचं नाही, हे त्यांनी किती नव्या पोरांना सांगितलं असेल. “चार थेंब वाचवायला जातात,” ते म्हणाले, आणि नंतर ॲम्ब्रोजची ९ नंबरची फोर्ड समोरून गेली की ते अर्धवट उठून बघायचे.

९० फेऱ्यांची शर्यत. शेवटच्या टप्प्यात काइल बुश पुढे होता, मागे ब्रॅड केझलॉव्स्की आणि ॲम्ब्रोज. मला वाटत होतं संपलं, हाच क्रम राहणार. तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला.

“रस्त्यावर काहीतरी सांडलंय.”

मला काही दिसत नव्हतं. त्यांनाही दिसत नव्हतं. पण ८० हून जास्त फेऱ्या त्या माणसांचे पाय कुठे उचलले जातात ते त्यांनी ऐकलं होतं, आणि आता ते पाय आधीच उचलले जात होते. सगळ्यांचे नाही. ज्याला कळलं होतं त्याचे. स्कॅनरवर कुणीतरी ओरडत होतं, ‘ऑइल, ऑइल’. बॉबी लाबॉन्टीच्या गाडीतून तेल गळून ते रस्त्यावर पसरलं होतं. पिवळं निशाण आलं नाही. पांढरं निशाण आलं, शेवटची फेरी.

पहिल्या वळणावर बुशची गाडी तेलावर बाहेर सरकली. केझलॉव्स्कीची गाडी त्याला लागली आणि बुश गरकन फिरला. हे आम्ही स्क्रीनवर पाहिलं. मग केझलॉव्स्की आणि ॲम्ब्रोज डोंगर चढून आमच्याकडे आले, एकाला एक चिकटून, आणि त्या दोघांपैकी कुणालाही गाडी सरळ ठेवणं जमत नव्हतं. मागचं चाक घसरायचं, पुढचं धरायचं, पुन्हा सुटायचं. त्या एका फेरीत दोघेही रस्ता सोडून बाहेर गेले, धूळ उडवत परत आले, एकमेकांना घासले, पुन्हा घासले. लोक बाकांवर उभे होते. मी उभी होते. मी किंचाळत होते. पलीकडे शेवटच्या वळणांतून ॲम्ब्रोज आधी बाहेर पडला आणि जिंकला. जिमी जॉन्सन तिसरा आला. जिंकत आलेला बुश सातवा. जेफ गॉर्डन अगदी शेवटच्या वळणावर गरगर फिरला आणि कितीतरी मागे फेकला गेला.

मी घामाघूम होऊन खाली बसले. शेजारचा म्हातारा रडत होता की हसत होता कळत नव्हतं. त्याने बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबा बसूनच होते. त्यांचा आवडता माणूस जिंकला होता, पण त्यांनी टाळी वाजवली नाही.

“फांदी कुणी टाकली नाही,” ते म्हणाले.

मला लगेच समजलं, कारण ती गोष्ट आमच्या घरातली आहे.

मी सातवीत असताना, जूनच्या पहिल्या पावसात, बाबा कराडहून भरलेली गाडी घेऊन घाट उतरत होते. एका वळणावर कुठल्याशा ट्रकमधलं डिझेल सांडलं होतं. ट्रक निघून गेला होता. कोरड्या रस्त्यावरचं डिझेल वाईटच, पण पहिल्या पावसाच्या भुरभुरीत ते साबणासारखं होतं. बस वळणात शिरली आणि स्टिअरिंग हलकं झालं. बाबा सांगतात की हात रिकामे झाले, जणू कुणी चाकंच काढून घेतली. पन्नासच्या वर माणसं आत. त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. रेस सोडली, गिअर तसाच ठेवला आणि जेवढं वळेल तेवढं डोंगराच्या बाजूला वळवलं. बसचं पुढचं चाक गटारात उतरलं, पत्रा कातळाला खरवडत गेला आणि गाडी थांबली. एका बाईचा हात मुका मार लागून सुजला. बाकी सगळे ठीक.

बाबा ही गोष्ट इथपर्यंत फार भराभर सांगतात. पुढची सावकाश. गाडी थांबल्याबरोबर ते खाली उतरले आणि माणसांकडे बघायचं सोडून मागे, चढाकडे धावत गेले. कंडक्टर उतारावर धावला. दोघांनी करवंदीच्या, ऐनाच्या, हाताला लागतील त्या फांद्या मोडल्या आणि वळणाच्या पुरेशा आधी रस्त्यावर आडव्या टाकल्या. घाटात रस्त्यावर हिरवी फांदी दिसली की पुढे काहीतरी आहे, ही भाषा सगळ्या ड्रायव्हरांना कळते. मग प्रवाशांना उतरवून त्यांनी कडेची माती ओंजळींनी, टोपल्यांनी, एका मास्तरांनी तर आपल्या छत्रीत भरून त्या तेलावर टाकली. अर्ध्या तासात वरून दोन ट्रक, एक जीप आणि दुसऱ्या डेपोची एसटी आली. चारही गाड्या फांदीपाशी थांबल्या.

चौकशी झाली, कागद झाले. त्या फांद्यांचा कुठल्या कागदात उल्लेख नाही. बाबांना त्याचं दुःख नाही, कारण त्यांच्या मते तो उल्लेख करण्यासारखा पराक्रम नव्हताच. ड्युटीचा भाग होता. तुला तेल लागलं, तू वाचलास, आता तुझ्या मागून येणाऱ्याला सांग.

परत येताना दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे होते आणि उन्हं उतरत होती. मी त्यांना समजावत होते, मनापासून. की ही शर्यत आहे, शेवटची फेरी होती, पिवळं निशाण आलं असतं तर शर्यतीचा निकाल तिथेच गोठला असता आणि लोक चिडले असते. की ते सगळे निवडून आलेले, शिकलेले ड्रायव्हर आहेत, प्रवासी नाहीत. की तेल नसतं तर आपण एवढं कधी पाहिलं नसतं. हे सगळं मला तेव्हा पटत होतं आणि आजही बरंचसं पटतं. ती फेरी अनेकजण स्टॉक कारच्या इतिहासातल्या उत्तम शेवटांत मोजतात आणि मीही मोजते. हातातून निसटलेली गाडी माणूस पुन्हा पकडतो, पुन्हा निसटते, पुन्हा पकडतो, यापेक्षा सुंदर मी खेळात फार थोडं पाहिलंय.

पण बाबांनी एक गोष्ट विचारली आणि तिला मी अजून उत्तर शोधते आहे. “ज्याला आधी कळलं, त्याने पाय उचलला. त्याच्या मागच्याला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, त्याच्या कंडक्टरने. “आणि ज्याचा कंडक्टर तिथे बघत नव्हता त्याला?” मी रस्त्याकडे बघत राहिले. समोर एक ट्रॅक्टर चालला होता, मी ब्रेक लावला. त्यांचा पाय मॅटवर आधीच दाबलेला होता.

त्यांना राग नव्हता आला. त्यांना ती माणसं आवडली होती, गाड्या आवडल्या होत्या. रात्री जेवताना त्यांनी माझ्या नवऱ्याला गिअरचा आवाज तोंडाने काढून दाखवला, तीन पायऱ्या बरोब्बर. पण त्यांच्या डोक्यात रस्ता ही सगळ्यांची मिळून एक गोष्ट होती. त्यावर जे कळेल ते पुढे पोचवायचं असतं. शर्यतीत रस्ता असा नसतो. तिथे मला कळलेलं तुला न कळणं, यातच माझा फायदा. वॉटकिन्स ग्लेनच्या बाजारपेठेतून शर्यत उठवून वर कठड्यांच्या आत नेली ती प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठी, हे खरंच. मला वाटतं, तिला तसंही गावाच्या रस्त्यावर फार काळ राहता आलं नसतं. त्या रस्त्याचे नियम दुसरे होते.

बाबा सप्टेंबरात परत गेले. पुढे ते फोनवर शर्यती बघायला शिकले, नातवाने शिकवलं. गोल मैदानांवरच्या नाहीत, रस्त्यांवरच्याच. २०१४ च्या हंगामानंतर ॲम्ब्रोजने नास्कार सोडलं तेव्हा त्यांनी मला फोन करून विचारलं की आता तो काय करणार, घरी जाणार का. मी म्हटलं, जातोय. त्यांना ते योग्य वाटलं. त्याच्या दोनच विजयांची नोंद या मालिकेत आहे आणि दोन्ही ग्लेनचे.

१५ सप्टेंबर २०२४ ला ग्लेनची शर्यत होती. मी एकटीच गेले होते, त्याच बाकांवर. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. बाबांना आता दूरचं नीट दिसत नाही, म्हणून मी फोन चालू ठेवून त्यांना सांगत होते. शर्यत ९० फेऱ्यांच्या पुढे लांबली. शेवटच्या फेरीला न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन पुढे होता. आदल्या वर्षी शिकागोच्या ओल्या रस्त्यांवर पहिल्याच प्रयत्नात जिंकलेला हा माणूस, बाबांच्या मते ॲम्ब्रोजच्याच गावचा. मागे ख्रिस ब्यूशर. बस स्टॉपमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर, व्हॅन गिसबर्गनची चूक झाली. गाडीची लय तुटली, ब्यूशर बाजूला आला, पुढच्या वळणात घासाघीस झाली, आणि ब्यूशर जिंकला.

मी ओरडून ओरडून हे सगळं फोनमध्ये सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. पाऊस ऐकू येत होता, चिपळूणचा, पत्र्यावरचा.

“कुठे चुकला म्हणालीस?”

“बस स्टॉपला.”

“काही सांडलेलं होतं?”

“नाही बाबा. रस्ता कोरडा होता. स्वच्छ.”

“मग ठीक,” ते म्हणाले. “तू घरी जाताना सावकाश जा. काळोख झाला असेल.”